काळी माती, वाळू आणि लोखंडाचा रस

माजलगाव भागात गाळप हंगाम सुरू झाला की एकाच उसाची गाठ दोन वेगळ्या लोखंडांशी पडते. फडात त्याला कोयता भेटतो आणि कारखान्यात मिलचा रोलर. कोयता लोहाराने तापवून, ऐरणीवर ठोकून घडवलेला असतो. रोलरच्या कवचाला घडवणारा हातोडा कधी लागलेलाच नसतो. वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात ओतून ते तयार झालेले असते. कोयता असा ओतीव केला, तर उसाच्या चार कांड्यांनंतर त्याची धार तुटेल. उलट रोलर घडीव पोलादाचा केला, तर तो लवकर गुळगुळीत होईल आणि उसावरून घसरत राहील.

आपल्याकडे धातूची कामे करणारे हात पूर्वीपासून वेगवेगळे होते. लोहार घडवायचा, तांबट ठोकायचा आणि ओतारी ओतायचा. या प्रकरणाचा विषय ओताऱ्याचे काम हा आहे. त्याची आजची जागा म्हणजे फाउंड्री. कोणती वस्तू कोणत्या धातूची आणि कोणत्या साच्यात ओतायची, हे ओतारी मनाने ठरवत नाही. त्या वस्तूला आयुष्यभर काय सोसायचे आहे, त्यावरून ते ठरते. म्हणून ओतीव वस्तू नीट पाहिली की तिने काय सोसायचे ठरले होते हे वाचता येते.

माजलगावजवळ तेलगावला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. अशा कोणत्याही कारखान्याच्या मिलमध्ये मूळ मांडणी तीन रोलरची असते, आणि अशा चार-सहा मिली एकामागे एक उभ्या असतात. प्रत्येक रोलरच्या पोटात घडीव पोलादाचा दांडा असतो आणि त्यावर ओतीव लोखंडाचे जाड कवच बसवलेले असते. हे कवच तापवून, फुगवून दांड्यावर सरकवतात. ते गार होऊन आकसले की दांड्याला असे आवळते की वेगळी खीळ लागत नाही. वळणारा पीळ दांडा सोसतो, उसाची झीज कवच सोसते. दोघांची कामे वेगळी, म्हणून धातूही वेगळे.

या कवचाचे लोखंड मुद्दाम भरड कणांचे ओततात. त्याचे कारण त्याच्या पोटातल्या कार्बनमध्ये आहे. शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळते. त्यात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन मिसळला की वितळणबिंदू साडेअकराशे अंशांपर्यंत उतरतो. पोलादात कार्बन दोन टक्क्यांच्या आत असतो, आणि रोजच्या वापरातल्या बहुतेक पोलादात तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ओतीव लोखंडात तो अडीच ते चार टक्के असतो आणि जोडीला एक ते तीन टक्के सिलिकॉन. एवढा कार्बन घन लोखंडात मावत नाही. रस हळूहळू थिजू दिला तर जादा कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने बाहेर पडतो. असा तुकडा मोडून पाहिला तर आतला भाग करडा दिसतो. हेच ग्रे आयर्न, म्हणजे आपल्या बिडाच्या तव्याचे लोखंड.

ग्राफाइट मऊ असते. उसाचा रस आंबटसर असतो, त्यात रेती आणि माती मिसळलेली असते. रोलर फिरत राहतो तसे त्याच्या पृष्ठभागावरचे ग्राफाइट झडते आणि मागे खरखरीत, खाचाखाचांचा पृष्ठभाग उरतो. कण जितके भरड, तितकी खरखर जास्त आणि उसावरची पकड घट्ट. तरीही रोलर झिजून गुळगुळीत झालाच, तर वेल्डर चालू मिलच्या रोलरवर वेल्डिंगचे बारीक थेंब टाकून तो पुन्हा खडबडीत करतो. कारखान्यात याला आर्किंग म्हणतात.

ग्रे आयर्नचे बाकीचे गुणही या पापुद्र्यांतूनच येतात. थरथर ग्राफाइटमध्ये विरते, म्हणून लेथ मशीनचा पाया आणि इंजिनाचा ब्लॉक याच लोखंडाचा करतात. कापताना बुकणी पडते, लांब तार निघत नाही, त्यामुळे मशीनवर काम सोपे जाते. दाब ते भरपूर सोसते. ताण मात्र दाबाच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच सोसते, कारण प्रत्येक पापुद्रा ही आतली एक चीर असते. ट्रॅक्टरचे बिडाचे हाउसिंग दगडावर आपटून फुटते, वाकत नाही, त्याचे कारण हेच.

आता साचा. साच्याचे काम मला या सगळ्या धंद्यातले सर्वांत सुंदर काम वाटते, म्हणून त्यावर जरा थांबू.

आधी लाकडाचा किंवा अॅल्युमिनियमचा नमुना करतात. त्याला फाउंड्रीत पॅटर्न म्हणतात. तो हव्या असलेल्या वस्तूपेक्षा थोडा मोठा असतो, कारण रस थिजून गार होताना आकसतो. ग्रे आयर्नसाठी मीटरमागे दहा मिलिमीटर, पोलादासाठी वीस मिलिमीटरच्या आसपास वाढ धरतात. पॅटर्न करणाऱ्याची मोजपट्टीच त्या धातूपुरती लांब केलेली असते. मग लोखंडी चौकटीचे दोन बॉक्स घेतात. खालच्याला ड्रॅग, वरच्याला कोप म्हणतात. त्यात पॅटर्नभोवती वाळू ठासतात, बॉक्स उघडतात, पॅटर्न अलगद काढतात आणि बॉक्स पुन्हा मिटतात. आत वस्तूच्या आकाराची पोकळी उरते.

वाळू नुसती ठासून टिकत नाही. तिला बांधायला पाच ते दहा टक्के बेंटोनाइट माती आणि तीन ते पाच टक्के पाणी लागते. बेंटोनाइट येते मुख्यतः गुजरातेतल्या कच्छमधून, पण त्यातला मुख्य खनिज घटक माजलगावच्या शेतकऱ्याच्या पायाखाली आहे. त्याचे नाव मॉन्टमोरिलोनाइट. पावसाळ्यात काळी माती फुगून पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच खनिजामुळे. त्याचे कण पत्र्यांसारखे एकावर एक असतात. पाणी त्या पत्र्यांच्या मध्ये शिरते, कण फुगतात आणि एकमेकांना धरतात. ज्या गुणाने वाफसा चुकला की नांगर रुतून बसतो, त्याच गुणाने फाउंड्रीतला साचा उभा राहतो. अर्थात शेतातली माती जशीच्या तशी चालत नाही. तिच्यात चुनखडीचे खडे आणि सेंद्रिय पदार्थ असतात, ते तप्त रसाखाली वायू सोडतात.

वाळूची गोष्ट याच्या उलट आहे. माजलगावाला वाळूची वाण नाही. सिंदफणेवर धरण आहे, ती नदी पुढे मंजरथजवळ गोदावरीला मिळते, आणि दोन्ही नद्यांची वाळू बांधकामावर जाते. लोखंडाच्या साच्याला मात्र ती चालत नाही. ती काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची झीज आहे. बेसॉल्ट अकराशे ते साडेबाराशे अंशांच्या दरम्यान वितळतो. लोखंडाचा रस साडेतेराशे-चौदाशे अंशांवर ओततात. त्या उष्णतेत ही वाळू वितळून कास्टिंगला काचेसारखी चिकटून बसेल. साच्याला लागते शुद्ध सिलिका, म्हणजे गारेची वाळू. ती सतराशे अंशांच्या वर तग धरते. महाराष्ट्रात अशी वाळू सह्याद्रीच्या पलीकडे आहे. सिंधुदुर्गातल्या कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना तो भाग घाटापलीकडे अगदी जवळ पडतो. कोल्हापूरचा धंदा वाढण्यामागची जी कारणे सांगतात, त्यात या जवळिकीचाही वाटा धरला पाहिजे असे माझे मत आहे.

पंपाच्या आवरणासारखी वस्तू पोकळ हवी असेल तर पोकळीच्या आकाराचा वाळूचाच गाभा करून साच्यात बसवतात. त्याला कोअर म्हणतात. कोअर सुटा उभा राहावा, चारी बाजूंनी रस वेढल्यावरही मोडू नये, आणि कास्टिंग गार झाल्यावर मात्र हातोडीच्या ठोक्याने चुरा होऊन बाहेर पडावा, एवढ्या उलटसुलट अपेक्षा त्याच्याकडून असतात. त्यासाठी वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात, काही क्षणांत ती दगडासारखी कडक होते. दुसरी पद्धत शेल मोल्डिंगची. रेझिन लावलेली वाळू तापलेल्या धातूच्या पॅटर्नवर टाकली की तिचे पातळ, कडक कवच धरते.

रस साच्यात शिरण्याचा रस्ताही साच्यातच कोरलेला असतो. वरून ओतायची वाटी, खाली जाणारी नळी, आडवा रनर, पोकळीत उघडणारे गेट. शिवाय जाड भागाच्या डोक्यावर रायझर, म्हणजे रसाचा राखीव साठा. जाड भाग सर्वांत शेवटी थिजतो आणि आकसताना आणखी रस मागतो. रायझर तो पुरवतो. तो नसेल तर कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते आणि वरून काही कळत नाही. ग्रे आयर्नला हा साठा कमी लागतो, कारण ग्राफाइट बाहेर पडताना जागा व्यापते आणि आकसणे बरेचसे भरून निघते. पोलादाला आणि मँगनीजच्या पोलादाला तो भरपूर द्यावा लागतो.

भट्टीचे दोन प्रकार आपल्याकडे जास्त दिसतात. जुनी क्युपोला म्हणजे आतून विटांचे अस्तर लावलेला उभा पोलादी नळा. त्यात वरून कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडीचे थरावर थर भरतात आणि खालून हवेचा झोत देतात. चुनखडी राख आणि घाण ओढून घेते आणि त्याची मळी रसावर तरंगते. नव्या इंडक्शन भट्टीत कोक नसतो. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज जाते आणि भांड्यातला धातू आतूनच तापतो. कोल्हापूरकडे क्युपोला मागे पडून इंडक्शन भट्ट्या वाढल्या, कारण रसातला कार्बन-सिलिकॉन नेमका राखता येतो आणि धूर कमी होतो.

ओतण्याआधी भट्टीवाला पाचरीच्या आकाराच्या छोट्या साच्यात थोडा रस ओततो आणि थिजल्यावर ती पाचर मोडून पाहतो. पातळ टोकाकडे पांढरी चकाकी किती दूर गेली आहे आणि करडा भाग कुठून सुरू होतो, यावरून त्याला रसाची जात कळते. स्पेक्ट्रोमीटरवर आकडे काही मिनिटांत येतात, पण पाचर मोडून पाहणे अजून कुणी सोडलेले नाही. मग एखादा झारा फेरोसिलिकॉन टाकून रस लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेतात आणि न थांबता, धार न तोडता ओततात. धार तुटली तर आधीचा रस थिजतो आणि पुढच्याशी सांधत नाही. त्या दोषाला कोल्ड शट म्हणतात.

मराठी मुलखात ही विद्या आधुनिक रूपात रुजवण्याचे श्रेय लक्ष्मणराव किर्लोस्करांना जाते. बेळगावात त्यांनी कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर केले. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन विटाळते, तिच्यात विष उतरते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची भीती होती. ती जायला वेळ लागला. शंभोराव जांभेकरांसारख्या साथीदारांनी त्या माळावर ओतकाम बसवले आणि नांगर, चरक, पंप तिथून गावोगाव गेले. त्याच सुमाराच्या पिढीत धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला कारखाना काढला, तिथेही नांगर आणि पुढे इंजिने झाली.

नांगराच्या फाळात एक युक्ती असते, ती सांगण्याजोगी आहे. इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने 1803 मध्ये तिचे पेटंट घेतले. फाळाची एक बाजू वाळूला आणि दुसरी लोखंडी तुकड्याला टेकेल असा साचा करायचा. लोखंडाला टेकलेली बाजू झटकन गार होते, तिथल्या कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही आणि तो लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट नावाचा अतिशय कठीण पदार्थ बनतो. ती बाजू पांढरी आणि कठीण, वरची बाजू करडी आणि मऊ. जमिनीत चालताना मऊ बाजू आधी झिजते आणि कठीण बाजूची धार आपोआप पुढे येत राहते. रस एकच, भट्टी एकच, फरक फक्त गार होण्याच्या वेगाचा.

कोल्हापुरात शेतीच्या ऑइल इंजिनांनी फाउंड्रीला हात दिला. शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या शेडपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत हा धंदा पसरला. आज तिथे सुमारे तीनशे फाउंड्र्या आहेत आणि त्यांचा बराच माल वाहनांसाठी जातो. कास्टिंगच्या उत्पादनात चीननंतर भारताचा क्रमांक लागतो, त्यात या पट्ट्याचा वाटा मोठा आहे. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार दर हंगामात त्याच कोल्हापूर-सांगलीच्या फडांत उतरतात. त्यांच्या कोप्यांपासून या भट्ट्या फार लांब नसतात.

ओतकामाचा इतिहास मात्र किर्लोस्करवाडीपासून सुरू होत नाही. गोदावरीच्याच खोऱ्यात, प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथे 1974 मध्ये तांब्याच्या चार ओतीव वस्तू सापडल्या: बैलांची जोडी जुंपलेला रथ आणि त्याचा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोंहून जास्त. त्या पोकळ नाहीत, भरीव ओतलेल्या आहेत. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे चार हजार वर्षांच्या आसपासच्या, हे मत बहुतेकांना मान्य आहे. एवढे तांबे मुशीत वितळवून एका दमात साच्यात उतरवणारी माणसे या खोऱ्यात तेव्हा होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

या वस्तू ओतण्याची पद्धत मेणाच्या साच्याची. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण ओतून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस भरायचा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातल्या ग्रंथात तिची कृती दिलेली आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आणि मराठवाड्याचा मोठा भाग तेव्हा त्या राज्यात होता. धातू किती घ्यायचा हे ग्रंथ मेणाच्या वजनावरून सांगतो. चांदी असेल तर मेणाच्या बारापट, सोने असेल तर सोळापट. घनतेचे गणित आज केले तर चांदीसाठी अकरापट निघते. ओतवाटीत उरणारा रस जमेस धरला तर बारापट हा अगदी कामाचा आकडा आहे. सोन्यासाठी मात्र सोळापट कमी पडेल, तिथे वीसपट लागते. आज इन्व्हेस्टमेंट कास्टिंग म्हणून टर्बाइनची पाती आणि शस्त्रक्रियेने बसवायचे सांधे याच मार्गाने ओतले जातात, फक्त मातीच्या जागी बारीक सिरॅमिकचे थर असतात.

माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला यादव राजा रामचंद्राचा शके 1232, म्हणजे इसवी सन 1310 चा ताम्रपट मिळाला. ताम्रपटाचे पत्रे ठोकून सपाट करतात आणि त्यावर अक्षरे कोरतात. अशा पत्र्यांना एकत्र बांधणाऱ्या कडीवरची राजमुद्रा मात्र सहसा ओतीव असायची. ठोकणारा आणि ओतणारा असे दोन कारागीर एकाच राजाज्ञेवर काम करत होते.

एकेकाळी मराठवाड्यात असलेली एक प्रचंड ओतीव वस्तू आज मराठवाड्यात नाही. मलिक-ए-मैदान ही तोफ 1549 मध्ये अहमदनगरला निजामशाहीसाठी ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात राहिली आणि 1632 मध्ये विजापूरला नेली गेली. ओतणारा रूमी, म्हणजे तुर्की कारागीर होता. तोफेची लांबी साडेचार मीटरच्या आसपास, व्यास दीड मीटर आणि वजन सुमारे 55 टन. तिच्या धातूचे पृथक्करण झाले तेव्हा तांबे 80 टक्के आणि कथील साडेएकोणीस टक्क्यांच्या वर निघाले. हे घंटेचे प्रमाण आहे. तोफेचा नेहमीचा धातू, गनमेटल, दहा टक्के कथिलाचा असतो, कारण कथील वाढले की कांसे कठीण होते, नाद देते, पण ठिसूळ होते. मलिक-ए-मैदानवर काही आपटले तर ती घंटेसारखी वाजते. एवढा ठिसूळ धातू बारूद सोसू शकला तो तिच्या भिंतींच्या जाडीमुळे, असे मला वाटते. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावरची घंटा 1721 सालची पोर्तुगीज आहे. वसईच्या मोहिमेनंतर अशा घंटा मराठी मुलखातल्या अनेक देवळांत आल्या. तिच्याकडून मात्र नादच हवा होता.

गनमेटल आज माजलगावात सापडते ते पंपाच्या बुशात आणि साखर मिलच्या बेअरिंगमध्ये. रोलरचा दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग कांशाचे असते, कारण तेलाचा थर क्षणभर तुटला तरी कांसे पोलादाला चिकटून फाटत नाही, स्वतः थोडे झिजते. स्वस्त बुशात कथील कमी आणि जस्त जास्त घालतात. दिसायला तो तसाच पिवळसर दिसतो आणि एका उन्हाळ्यात ढिला होतो.

ग्रे आयर्नचा ठिसूळपणा 1940 च्या दशकात एका छोट्या उपायाने गेला. अमेरिकेत कीथ मिलिस यांनी रसात अत्यल्प मॅग्नेशियम घातले. थिजल्यावर लोखंडात साधारण 0.04 टक्के उरले तरी पुरे होते. तेवढ्याने ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गोळीच्या कडेला चीर सुरू होत नाही, म्हणून हे लोखंड तुटण्याआधी वाकते. फाउंड्रीत त्याला एस.जी. आयर्न म्हणतात. ट्रॅक्टरचे हब, क्रँकशाफ्ट आणि पाणीपुरवठ्याचे डी.आय. पाइप याचेच. पाइपाच्या लांब पोकळीसाठी कोअर लागत नाही. आडवा साचा गरागरा फिरवतात आणि रस आतून भिंतीला सारखा पसरतो.

कठीणपणा हवा तिथे धातू पुन्हा बदलतो. परळीच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा दळणाऱ्या गिरणीचे रोलर निकेल-क्रोमियम घातलेल्या पांढऱ्या लोखंडाचे असतात, कारण तिथे धक्का कमी आणि घासणे जास्त. काळा दगड फोडणाऱ्या खडी क्रशरला घासणेही आहे आणि घावही. त्याच्या जबड्यासाठी रॉबर्ट हॅडफील्ड यांनी 1882 मध्ये शोधलेले पोलाद लागते, ज्यात 12 ते 14 टक्के मँगनीज असते. हे पोलाद घाव खाऊन वरवर आणखी कठीण होत जाते आणि आतून चिवट राहते. रेल्वेचे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथले क्रॉसिंगही याच पोलादाचे ओततात.

अॅल्युमिनियमसाठी माजलगावाहून जवळचे मोठे ठिकाण म्हणजे वाळूज. बजाजचा कारखाना तिथे 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, एन्ड्युरन्स कंपनीने अॅल्युमिनियम डाय कास्टिंगला सुरुवात केली. इथे वाळू नाही. पोलादाच्या साच्यात प्रचंड दाबाने रस दाबतात, आणि काही सेकंदांत मोटारसायकलच्या इंजिनाचे आवरण थिजून बाहेर येते. अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन घातलेले असते. 12 टक्क्यांच्या आसपास ते मिश्रण 577 अंशांलाच वितळते आणि पातळ भिंतीतही सरसर धावते. पोलादी साच्याची किंमत लाखांत जाते, म्हणून हजारोंनी नग काढायचे असतील तरच तो परवडतो. साखर कारखान्याला दोन-चार रोलर हवे असतात, तिथे वाळूच स्वस्त.

या कामाची किंमत कामगाराचे शरीर मोजते, हे लिहिल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही. सिलिका वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कास्टिंग साफ करण्याच्या फेटलिंग विभागात ही धूळ सर्वांत जास्त. बंद कोठीतले शॉट ब्लास्टिंग, धूळ ओढणारे पंखे आणि चांगल्या प्रतीचे मास्क हे सोयीचे नव्हे, जगण्याचे सामान आहे. दुसरा धोका ओलीचा. रसाखाली पाणी अडकले तर त्याची वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते आणि रस उडतो. म्हणून ओला झारा, ओले भंगार, ओली जमीन यांना भट्टीजवळ थारा नसतो.

फुटलेले बीड वर्कशॉपमध्ये आणणाऱ्या शेतकऱ्याला एक सांगणे आहे. ते साध्या रॉडने थंड असतानाच जोडू देऊ नका. जोडाजवळचे लोखंड झटकन गार होऊन पांढरे पडते आणि शेजारी नवी चीर जाते. तुकडा आधी सावकाश तापवून, निकेलचा रॉड वापरून, जोड झाल्यावर राखेत किंवा कोरड्या वाळूत झाकून रात्रभर गार होऊ द्यायला सांगा. नवा पंप किंवा सुटा भाग घेताना धातूची ग्रेड विचारा. ग्रे आयर्नला एफ.जी. 200, एफ.जी. 260 अशा ग्रेड भारतीय मानकात दिलेल्या आहेत, आणि त्यातला आकडा म्हणजे त्या लोखंडाने दर चौरस मिलिमीटरला किमान किती न्यूटन ताण सोसला पाहिजे ते माप. दुकानदाराला ग्रेड सांगता आली नाही, तर दुसरे दुकान पाहा.

आणि दहावी झालेल्या मुलामुलींना: आयटीआयमध्ये फाउंड्रीमन नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या रांगेत उभे राहण्याआधी त्याची चौकशी करा. साखर कारखाने, पंप, क्रशर आणि ट्रॅक्टर यांनी भरलेल्या आपल्या भागाला ओतकाम जाणणारी माणसे हवी आहेत.